भाच्याला परदेशातून एअरगन आणायला सांगायच्या आधी

आपल्या सांगली-मिरजेकडं घरटी एक तरी माणूस परदेशात आहे, कुणाचा भाचा जर्मनीत, कुणाचा जावई इंग्लंडमध्ये, आणि दिवाळीला येणार म्हटलं की यादी जाते, त्यात हल्ली एअरगनपण असते. पोरगं शूटिंगच्या रेंजवर जायला लागलंय, किंवा मळ्यात ठेवायला पाहिजे, किंवा नुसती हौस. आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच वाक्य पक्कं बसलेलं असतं, "छर्र्याच्या बंदुकीला लायसन लागत नाही". हे वाक्य अर्धं खरं आहे आणि त्या उरलेल्या अर्ध्यापायी माणसं एअरपोर्टवर अडकतात. मी स्वतः 2019 ला भाच्याला सांगून लेकीसाठी रायफल मागवली होती आणि त्यात जे भोगलं त्यावरून हे लिहितोय, नवीन माणसाला कामाला यावं म्हणून जरा सविस्तर.

आधी कायदा कुठं उभा आहे ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

शस्त्र कायदा 1959 चा. त्यात फायरआर्मची जी व्याख्या आहे त्यात नुसती बारूद नाही, स्फोटक "किंवा इतर कुठल्याही प्रकारच्या ऊर्जेनं" गोळी फेकणारं हत्यार असं आहे. म्हणजे हवेच्या जोरावर छर्रा फेकणारी बंदूकसुद्धा कायद्याच्या भाषेत फायरआर्मच, खेळणं नाही. मग लायसन का लागत नाही? तर 2016 च्या आर्म्स रूल्समध्ये मर्यादा घातलेली आहे, नळी (म्हणजे तिच्या भोकाचं माप, कॅलिबर) 4.5 मिलीमीटरपर्यंत म्हणजे .177 आणि नळीच्या तोंडाशी ताकद 20 जूल म्हणजे साधारण 15 फूट-पौंडापर्यंत. दोन्हीच्या आत असेल तर लायसनची गरज नाही. एक जरी ओलांडलं तरी ती लायसनवाली झाली, मग ती कितीही शेतावरची साधी दिसो.

आता पहिलं काम. पैसे द्यायच्या आधी नळी बघा. .22 म्हणजे 5.5 मिलीमीटर. परदेशात उंदीर-कबुतरांसाठी लोक सर्रास .22 घेतात, दुकानदार पण तीच दाखवतो, भारी छर्रा, जास्त दणका वगैरे. आपल्याकडं ती विनालायसन चालत नाही, विषय संपला. इंग्लंडमधनं आणणाऱ्यांचा इथंच घोळ होतो, तिथं 12 फूट-पौंडाच्या आतली एअर रायफल बहुतेक ठिकाणी लायसनशिवाय मिळते, ते जूलमध्ये 16 च्या आसपास येतं, म्हणजे ताकद आपल्या मर्यादेत बसते, पण .22 असेल तर नळीवर नापास. तिथली .177 घेतली तर दोन्ही बसतं. जर्मनीतल्या गनवर पंचकोनात एफ अक्षर कोरलेलं असतं, त्याचा अर्थ 7.5 जूलच्या आत, हे चिन्ह असलेली .177 म्हणजे सगळ्यात निर्धास्त. अमेरिकेतल्या गनच्या बाबतीत मात्र डोळ्यात तेल घालून बघा, तिथं देशभर लागू अशी ताकदीची मर्यादाच नाही.

दुसरं काम ताकदीचा हिशोब, आणि हा बॉक्सवरच्या वेगावरून करायचा नाही. बॉक्सवर "1000 फूट पर सेकंद" असं ठळक छापलेलं असतं, पण ते हलक्या मिश्रधातूच्या छर्र्यानं काढलेलं असतं. सूत्र सोपं आहे, छर्र्याचं वजन ग्रेनमध्ये, त्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं आणि 450240 नं भागायचं, उत्तर फूट-पौंडात. साडेपाच ग्रेनचा हलका छर्रा 1000 नं गेला तर 12 च्या थोडं वर येतं, बसलं. पण तोच 1000 चा वेग 8 ग्रेनच्या शिशाच्या छर्र्याला मिळत असेल तर पावणेअठराच्या जवळ जातं, गेली हातातनं. 8 ग्रेनला 900 असेल तर साडेचौदाच्या आत, म्हणजे काठावर पास. काठावरची गन आणूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कस्टमच्या काउंटरवर वेग मोजायचं यंत्र नसतं, तिथं कागद चालतो, आणि काठावरच्या गनचा कागद कुणाच्याच मनाला पटत नाही. 10 मीटरच्या मॅचची रायफल असेल तर हा प्रश्नच येत नाही, ती साडेसात जूलच्या आसपासच असते, कागदावर भोक पाडायला तेवढं पुरतं.

आणि तो कागद हेच तिसरं काम. कंपनीचं पत्र किंवा डेटाशीट, त्यावर मॉडेल, नळी 4.5 मिलीमीटर आणि ताकद जूलमध्ये, तिन्ही एकाच पानावर पाहिजेत. त्याच्यासोबत दुकानाचं बिल, बिलावर सिरियल नंबर, आणि बिल ज्याच्या नावावर त्याच्याच बॅगेत गन. कागद जर्मन किंवा दुसऱ्या भाषेत असेल तर इंग्रजीतला मागून घ्या, कंपन्या ईमेल केलं की देतात. आम्ही हेच केलं नव्हतं. बिल होतं, एफचं चिन्ह होतं, पण जूल लिहिलेला कागद नव्हता, आणि ऑफिसरला एफ म्हणजे काय हे भाचा तोंडी सांगत बसला. तोंडी कोण ऐकणार, आणि का ऐकावं त्यानं?

आता मधेच एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. इंग्लंडमधल्या गनला पुढं नळकांडं लावलेलं असतं, आवाज कमी करायचं, मॉडरेटर म्हणतात. ते आणू नका. अजिबात नाही. शस्त्र कायद्याच्या त्याच व्याख्येत, आवाज किंवा झोत कमी करणारी ॲक्सेसरी ही स्वतःच फायरआर्ममध्ये धरलेली आहे. म्हणजे गन मर्यादेत बसली तरी ते वीतभर नळकांडं तुम्हाला वेगळ्या गुन्ह्यात नेऊ शकतं. काही मॉडेलला ते कायमचं बसवलेलं असतं, काढताच येत नाही, तसलं मॉडेल घेऊच नका. तीच गोष्ट खऱ्या पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या एअर पिस्तुलांची, स्लाइड मागं-पुढं होते, वजन पण तेवढंच, एक्स-रेवर बघणाऱ्याला त्यात आणि खऱ्यात फरक काय दिसणार. मॅचचं एअर पिस्तूल वेगळं, त्याचा आकारच सांगतो की हे खेळाचं आहे.

आता बॅगेज रूल्स. सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहेत म्हणून इथं जरा थांबतो.

2016 च्या बॅगेज रूल्समध्ये परत येणाऱ्या आपल्या माणसाला 50,000 रुपयांपर्यंतचं सामान ड्युटीशिवाय आणता येत होतं. ही रक्कम सरकार मधून मधून बदलतं, त्यामुळं तिकीट काढताना सीबीआयसी म्हणजे कस्टमच्या केंद्रीय बोर्डाच्या साइटवर चालू आकडा बघून घ्या. पण मुद्दा आकड्याचा नाहीच. त्या रूल्सना एक परिशिष्ट जोडलेलं होतं, सवलत कशाला नाही त्याची यादी, आणि त्या यादीत पहिलंच नाव फायरआर्म्स. त्याच्याखाली 50 च्या वरची काडतुसं, मग सिगारेट, दारू, सोनं असं. म्हणजे "24,000 ची तर गन आहे, 50,000 च्या आतच की" हा हिशोब तिथं चालेलच असं नाही. ऑफिसरनं एअरगनला त्या यादीतलं फायरआर्म धरलं तर सवलतही गेली आणि ड्युटीचा दरही बदलला. आणि कायद्याची व्याख्या वर सांगितलीच आहे, त्यामुळं तो तसं म्हणाला तर अगदीच मनानं म्हणत नाही. नेहमीच्या जादा सामानावर तेव्हा 35 टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर 10 टक्के सरचार्ज असा 38.5 टक्के दर होता, भाचा तेवढीच तयारी करून आला होता.

खरी बंदूक बॅगेतनं आणायची वाट फक्त कायमचं परतणाऱ्यांना आहे. ट्रान्सफर ऑफ रेसिडन्सवर येणाऱ्याला एक परवानगीच्या बोअरची (नळीच्या मापाची) बंदूक आणता येते, ती तिकडं किमान एक वर्ष स्वतःच्या वापरात असली पाहिजे, इथलं लायसन आधीच हातात पाहिजे, ड्युटी भरायची, आणि नंतर हयातभर ती विकता किंवा कुणाला देता येत नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाचा या वाटेशी काही संबंध नाही.

मग .177 च्या एअरगनला आधार काय? शस्त्र कायद्याचं कलम 10. ते मुळात म्हणतं की लायसनशिवाय हत्यार देशात आणायचं नाही. पण त्याच्यातच सूट आहे, जो माणूस ते हत्यार बाळगायला कायद्यानं पात्र आहे तो स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी संख्येत आणू शकतो. बाळगायला लायसन लागत नाही अशी गन, स्वतःसाठी, एक. हे तुमचं म्हणणं. पण त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात लिहिलंय की सूट लागू होते का नाही, किंवा संख्या वाजवी आहे का, याबद्दल कस्टमच्या अधिकाऱ्याला शंका आली तर तो केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत हत्यार अडवून ठेवू शकतो. म्हणजे तुमचा हक्क आणि त्याचा अधिकार शेजारी शेजारीच छापलेत. म्हणून मी म्हणतो कागद, कागद आणि कागद, त्याला शंका यायला जागाच ठेवायची नाही. आणि "वाजवी संख्या" म्हणजे एक. मित्राची एक, मेव्हण्याची एक असं करून तीन आणल्या की तो व्यापार दिसतो, आणि व्यापारी आयातीला या मालावर निर्बंध आहेत, डीजीएफटीचं म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार खात्याचं ऑथरायझेशन लागतं. पोस्टानं किंवा कुरियरनं मागवायच्या भानगडीत तर पडूच नका, तिथं बाजू मांडायला तुम्ही समोर पण नसता.

आता बॅग भरणे. एअरलाइनला तिकीट काढल्या काढल्या ईमेल करा, एअरगन आहे, रिकामी आहे, चेक-इनमध्ये टाकणार, चालेल का. उत्तर लेखी घ्या आणि प्रिंट काढा. मधे कुठल्या देशात विमान बदलत असेल तर त्या देशाचंही विचारा, गल्फमध्ये एअरगनला हत्यारच समजतात आणि ट्रान्झिटसाठी सुद्धा आधी मंजुरी लागू शकते, शक्यतो थेट फ्लाइट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. केबिनमध्ये गन नाही, सुटा भाग नाही, छर्र्यांचा डबापण नाही. कडक केस, कुलूप, आणि चेक-इन काउंटरवर स्वतःहून सांगणे. केस लांब असते, बहुतेक एअरलाइन लांबी-रुंदी-उंची मिळून 158 सेंटीमीटर धरतात, सव्वा मीटरची केस त्याच्या वर जातेच, तेव्हा ओव्हरसाइजचे पैसे हिशोबात धरा.

स्प्रिंगवाली गन असेल तर फक्त ताणलेली नाही ना आणि नळीत छर्रा नाही ना एवढं बघायचं. पीसीपी असेल, म्हणजे 200 बारचा हवेचा सिलिंडर, तर तो पूर्ण रिकामा पाहिजे, गेज शून्यावर. सिलिंडर रिकामा करायला कंपनी छोटा ॲडॉप्टर देते, तो फिरवला की हवा फुस्स करत हळूहळू निघते आणि सिलिंडर हाताला थंडगार लागतो, तो वापरा, पान्यानं व्हॉल्व्ह उघडायला जाऊ नका, 200 बार म्हणजे मस्करी नाही. सेकंडहँड मॅच रायफल घेणार असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका, बहुतेक कंपन्या 10 वर्षं मुदत देतात, मुदत संपलेला सिलिंडर मॅचला चालत नाही आणि नवा घ्यायचा म्हणजे स्वस्त रायफल महागात. सीओटूच्या छोट्या भरलेल्या कॅप्सूल सोबत घेऊच नका. स्कोप किंवा रेड डॉटचे सुटे लिथियम सेल मात्र उलट, ते चेक-इनमध्ये नाही, हातातल्या बॅगेत. छर्रे दोन-तीन डबे पुष्कळ झाले, 500 चा डबा पाव किलोच्या थोडा वर भरतो, आणि इथं सगळे मिळतात.

मुंबईत उतरल्यावर. तुमचं तिकीट पुढं डोमेस्टिक फ्लाइटचं असलं तरी कस्टम मुंबईलाच होणार, बॅग तिथं उचलायची, दाखवायची, परत चेक-इन करायची आणि दुसऱ्या एअरलाइनला गनचं सगळं पुराण पहिल्यापासून सांगायचं. त्यापेक्षा तिथनं गाडी नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेस बरी.

बॅग घेतली की सरळ रेड चॅनल, म्हणजे सामान स्वतःहून दाखवणाऱ्यांची रांग. कस्टमच्या अतिथी ॲपवर आधीच डिक्लेरेशन भरता येतं, विमानात बसायच्या आधी भरून टाका. कस्टम ॲक्टच्या कलम 77 प्रमाणे बॅगेत काय आहे ते सांगणं हे तुमचं काम आहे, त्यानं शोधून काढायचं काम नाही. ग्रीन चॅनलनं, म्हणजे दाखवण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या रांगेनं, गेलात आणि एक्स-रेवर नळी दिसली, आणि ती दिसतेच, तर मग गन कितीही कायदेशीर असो, तुम्ही लपवून आणणारे ठरता. जप्ती, दंड, वर खटला सुद्धा होऊ शकतो. मी बघितलेले जे जे अडकले त्यांच्यात सगळ्यात वाईट हाल ग्रीनमधनं गेलेल्यांचे झाले.

भाचा रेडमधनंच गेला होता. पहाटे साडेचारला त्याचा फोन, "मामा, गन ठेवून घेतायत, पावती देतायत, घेऊ का?" मी बाहेर गाडीत बसलेलो, झोपेतनं उठलेलो, काही सुचेना. घे म्हटलं. आणि ते बरोबर होतं, पण पावती वाचून घ्यायला पाहिजे होती ती घेतली नाही. पावतीवर नुसतं लिहिलेलं "रायफल, 1 नग". ना .177, ना एअर, ना सिरियल नंबर. नंतर या एका ओळीनं आमचे किती हेलपाटे झाले सांगता सोय नाही, फाइल ज्याच्या टेबलावर जाईल त्याला वाटायचं खरीच रायफल आहे. म्हणून हे नीट लक्षात ठेवा, डिटेन्शन रिसीट म्हणजे माल ठेवून घेतल्याची पावती हातात आली की तिथंच उभं राहून वाचायची, त्यावर "एअर रायफल, कॅलिबर 4.5 मिलीमीटर", कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर हे सगळं नम्रपणे लिहून मागायचं, केसमध्ये काय काय होतं ते पण. आवाज चढवायचा नाही. रात्रपाळीचा माणूस दमलेला असतो, सर म्हणून विनंती केली की लिहून देतो.

अडवलं तर वाटा कुठल्या ते सांगतो. भाऊ किंवा भाचा परत जाणार असेल तर कलम 80 आहे, डिक्लेअर केलेली वस्तू तात्पुरती कस्टमकडं ठेवून परत जाताना घेऊन जाता येते, पण हे मागावं लागतं. सोडवायची असेल तर कागद जमवून अर्ज. ऑफिसर जप्तीच्या बाजूनं गेला तर कलम 125 खाली जप्तीच्या बदल्यात दंड भरून माल सोडवायचा पर्याय असतो. माल सीझ केला तर साधारणपणे सहा महिन्यांत नोटीस आली पाहिजे. ऑर्डर विरोधात गेली तर 60 दिवसांत कमिशनर अपील्स, आणि बॅगेजच्या प्रकरणात त्याच्या पुढं केंद्र सरकारकडं रिव्हिजन. आमचं इतकं लांबलं नाही, कंपनीचं पत्र आलं, त्यात जूल होते, ते घेऊन पावणेचारशे किलोमीटर परत मुंबई, दोन चकरा, ड्युटी अधिक दंड अधिक ठेवणावळ, सगळं धरून रायफलच्या किमतीच्या जवळ गेलं. लेक तोपर्यंत रेंजवरची जुनी रायफल वापरत होती.

म्हणून रेंजवरच्या पालकांना एक मनापासून सांगायचंय. स्वप्नील कुसाळेचं 2024 चं पॅरिसचं ब्राँझ बघून आपल्या भागात कितीतरी पोरं शूटिंगला लागली, कोल्हापूर बाजूला तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांची नावं होतीच, आणि फार छान वाटतं बघून. पण पहिल्या वर्षी परदेशातनं रायफल आणायची घाई करू नका. इथल्या लायसन असलेल्या डीलरकडं देशी पण मिळते आणि आयात केलेली मॅच रायफल पण, ओळखपत्र द्या, पक्कं बिल घ्या, कस्टमचा संबंध नाही. पोरगं राष्ट्रीय पातळीवर गेलं, एनआरएआयच्या म्हणजे राष्ट्रीय रायफल संघटनेच्या रिनाउन्ड शॉटच्या (नामवंत नेमबाजाच्या) पात्रतेत बसलं, की फेडरेशनमार्फत आयातीची स्वतंत्र व्यवस्था आहे, ती बॅगेपेक्षा शंभर पटीनं सरळ.

आणि तासगाव-मिरज पट्ट्यातल्या बागायतदारांना, द्राक्षावर पोपट बसतात म्हणून गन मागवत असाल तर नका. त्रास मला माहीत आहे, माझ्या सासुरवाडीला बाग आहे. पण विनालायसन म्हणजे पक्षी मारायची परवानगी नाही, वन्यजीव कायदा 1972 चा वेगळा लागतो आणि पोपट त्यात संरक्षित आहे. जाळी टाका.

गन घरी आणताना कागदांचा एक सेट केसमध्ये आणि एक खिशात ठेवा, ड्युटीची पावती सगळ्यात वर. हायवेवर नाकाबंदीत केस उघडायला लावली तर तीच पावती लागते. निवडणूक, गणपती, मोहरमच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शस्त्रबंदीचा आदेश असतो, त्या दिवसांत गन घेऊन फिरायचं नाही, रेंजवर न्यायची असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. आम्ही त्या पावतीची लॅमिनेटेड कॉपी केसच्या झाकणाला आतनं चिकटवलीय, लेक मॅचला निघाली की कुलूप लावायच्या आधी तिच्यावरचा सिरियल नंबर आणि रायफलवरचा नंबर बोट ठेवून ताडून बघते.